दुसऱ्याच यंत्राची आठवण

१

नक्कल एकही चूक न दाखवता उतरली आणि तिथेच वहिनीला खटकलं.

मरायला टेकलेली मेमरी अशी उतरत नसते. ती अडखळते, एकच तुकडा चारचारदा वाचायला लावते, मध्येच मुकी होते. हातात धरून खेळायचं ते छोटं गेम कन्सोल तासाभरापूर्वी काउंटरवर सगळ्यांच्या देखत आचके देत होतं. चालू झालं, एक आवाज ऐकवला, दुसरा ऐकवता ऐकवता विझलं. आणि आता त्याचीच मेमरी पाठांतर करून आलेल्या पोरीसारखी घडाघडा बोलत होती?

वहिनीने किल्ली लावून पाहिली.

या कन्सोलची अंतर्गत मेमरी कुलूपबंद असते. किल्ली त्याच यंत्राच्या प्रोसेसरच्या पोटात असते आणि ती दुसऱ्या कुठल्याही यंत्राला लागत नाही. शेजारी शेजारी बनून बाहेर पडलेल्या जुळ्या यंत्रालाही नाही. त्यामुळे वहिनीचा शिरस्ता ठरलेला. यंत्रात धुगधुगी आहे तोवर आधी किल्ली उतरवून घ्यायची. मग पाठ उघडायची, मेमरीची नखाएवढी हिरवी पट्टी खाचेतून उचलायची, रीडरमध्ये बसवायची आणि आत काय आहे याची चौकशी न करता अख्खीच्या अख्खी उतरवून ठेवायची. निवडानिवड नंतर. आधी जीव वाचवायचा.

किल्ली लागली नाही. स्क्रीनभर कचरा सांडला. अक्षरं नाहीत, आवाज नाही, नुसती खडी.

“काय झालं?” समोरच्या स्टुलावरून धाकटीने विचारलं. तिच्या मोठ्या बहिणीचं कन्सोल ते. मोठी बहीण आता नव्हती. “गेलं का सगळं?”

 वहिनीने किल्ली पुन्हा लावली. पुन्हा खडी. बिघडलेली मेमरी चुका करते. ही एकही चूक करत नव्हती. फक्त बोलत होती ती भाषा वेगळी होती.

“काडी,” ती दुकानातल्या जोडीदाराला हळूच म्हणाली, “दाराला आतून कडी घाल.”

“का?”

“ही पट्टी बिघडलेली नाही. ही या यंत्राची नाहीच. कुणीतरी बदललीय. इथेच, आपल्या नाकाखाली.”

काडीने कडी घातली. लोखंडी कडीचा आवाज तळघरभर घुमला, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाई दचकल्या.

२

दुकान रस्त्याच्या पातळीखाली होतं. अकरा पायऱ्या उतरून यायचं. उजेड म्हणून छताला लागून एक आडवा, काच जडवलेला झरोका, त्यातून मागच्या गल्लीतले फक्त पाय दिसायचे. वरच्या जगातली माणसं इथे कमरेपासून वर नव्हतीच. चपला, बूट, सायकलची चाकं. वहिनीला सवय झाली होती, पण गिऱ्हाइकं पहिल्यांदा आली की मान वर करून बघत बसायची.

वहिनी हे काही नाव नव्हे. काडी तिच्या नवऱ्याचा मित्र, म्हणून तो तिला वहिनी म्हणायचा. नवरा गेला, हाक राहिली, गिऱ्हाइकांनीही तीच उचलली. आता बापाच्या वयाची माणसंसुद्धा जिन्यावरून “वहिनी, झालं का माझं?” ओरडायची. काडी मात्र अंगाने काडीच होता, पन्नाशीला आला तरी. हँडल, बटणं, सोल्डरिंग त्याच्याकडे, मेमरी वहिनीकडे.

कन्सोल घेऊन दोघी आल्या होत्या. धाकटी, आणि तिच्या बहिणीची सासू. सासूबाई जिना उतरता उतरताच बोलायला लागल्या होत्या. “काय मेला हा जिना! विहिरीत उतरल्यासारखं. मेलेल्या माणसाचं खेळणं, त्याच्यापायी एवढा खटाटोप. वस्तू घरची आहे, म्हणून मी बरोबर आलेय हो. परत घेऊन जाणार.”

चष्म्याच्या जाड भिंगांमागे त्यांचे डोळे तिळाएवढे दिसत होते. “मला काही दिसत नाही आता,” त्या वहिनीला म्हणाल्या होत्या. “तुम्हीच बघा काय ते.”

आता वहिनीने दोघींना पिशव्या, खिसे रिकामे करायला लावले. काडीलाही. स्वतःचेही उलटे करून दाखवले. चुरगळलेली तिकिटं, गोळ्यांची पाकिटं, रुमाल, किल्ल्यांचा जुडगा. पट्टी नाही.

मग ती बाकावरच्या दुसऱ्या कन्सोलकडे वळली. तेही त्याच जातीचं. कुठल्याशा गिऱ्हाइकाचं, बटण अडकलेलं, काडीने पाठ उघडून ठेवलेलं. तिने दिवा त्याच्यावर ओढला.

मेमरीची खाच रिकामी होती.

“हे बघ,” ती काडीला म्हणाली. “याची पट्टी उचलून त्यात घातली. आणि त्याची उचलून...”

“कुठे नेली?” धाकटी किंचाळली. “वहिनी, त्यात ताई आहे! फक्त त्यातच आहे!”

“बस. आणि मला पहिल्यापासून सांग. त्यात काय आहे, आणि ते कुणाकुणाला ठाऊक होतं?”

धाकटी बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली, आणि सासूबाईंकडे पाठ करून.

ताईचा नवरा रोज संध्याकाळी तिचा फोन वाचायचा. सगळा. आईशी काय बोलली, बहिणीला काय लिहिलं, कुणाच्या फोटोला अंगठा दिला. काळजी वाटते म्हणायचा. याला काळजी म्हणतात, आणि बाहेरून लावलेल्या कडीला माया म्हणत असतील. ताईने फोनवर बोलणंच सोडलं. पण लग्नाआधीपासून तिच्याकडे हे कन्सोल होतं, आणि खेळण्याकडे कोण बघतो? त्यात आवाज टिपून ठेवायची सोय होती. दहा सेकंदांचा एक तुकडा. तेवढ्यात मावेल तेवढंच बोलायचं.

“शेवटची भेटली तेव्हा कानात म्हणाली, माझं सगळं खेळात आहे. मी म्हटलं, वेडी झालीस का? आणि मग...” धाकटीने ओठ चावला. “मागच्या खोलीची खिडकी. तिसरा मजला. काच बाहेरून पुसत होती म्हणे.”

पोलिसांनी पाय घसरला असं लिहिलं होतं. लिहायला सोपं. घसरलेल्या पायाला कुणी अटक करत नाही.

वहिनीला काउंटरवरचा तो पहिला आवाज आठवला. हसरा. “ऐक ना वेडाबाई, आज दूध उतू गेलं आणि मी कुणालाच सांगितलं नाही.” मग दुसरा. त्यात माणूस नव्हतं. दारावर थापा होत्या. एक, दोन, तीन. आणि कन्सोल विझलं होतं. किल्ली तेवढी त्याआधीच उतरली होती.

थापा ऐकून सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला होता आणि त्या छोट्याशा पडद्यावर वाकल्या होत्या. वहिनीला तेव्हा वाटलं, डोळे पुसायचे असतील.

३

“आता तू,” वहिनी काडीला म्हणाली.

“मी? अगं वहिनी, मला चोर ठरवतेस?”

“ठरवत नाही, विचारतेय. टीव्ही आला तेव्हा कोण कुठे होतं?”

झालं होतं असं. कन्सोलची पाठ उघडून वहिनीने ते बाकावर ठेवलं, एवढ्यात वरून एकजण ओरडला. त्याने हातगाडीवरून जुना अवजड टीव्ही आणला होता आणि तो जिन्याच्या तोंडाशी अडकला होता. वहिनी आणि काडी वर धावली. धाकटी फोन आला म्हणून मागच्या बोळात गेली. बोळाला मागचं दार, ते गल्लीत उघडतं. बाकाशी राहिल्या सासूबाई. मध्येच काडी दोरी न्यायला एकदा खाली आला होता.

“खाली आलास तेव्हा काय दिसलं?”

“आजी बसलेल्या. तोंडाला रुमाल लावून. मी म्हटलं रडतायत, म्हणून बघितलंसुद्धा नाही.”

“बाकापाशी गेलास?”

“दोरी बाकाखालीच असते ना!”

“हं. आणि एक विचारते. या पोरीच्या दाजींना तू ओळखतोस?”

काडी गडबडला. त्याच्या डाव्या कानात श्रवणयंत्र होतं, वाटाण्याएवढं. त्याने ते उगाच चाचपलं.

“पोरीने मघाशी त्यांच्या दुकानाचं नाव घेतलं तेव्हा तुझा चेहरा पडला, मी पाहिला. श्रवणयंत्रं विकतात ना ते?”

“हा कान त्यांनीच बसवलाय,” काडी ओशाळून म्हणाला. “फार गोड माणूस. इतका गोड की घरी येऊन दात घासावेसे वाटतात. पण वहिनी, शपथ, ओळख तेवढीच. तू उगाच शंका घेशील म्हणून बोललो नाही.”

“आणि आता शंका नाही आली वाटतं?”

धाकटी ऐकत होती. तिची नजर काडीच्या हातांवर खिळली होती. कसबी, चपळ हात. एका निमिषात पट्टी उचलून पट्टी बसवणारे. या तळघरात असे हात आणखी कुणाचे होते?

वहिनी मात्र त्या दुसऱ्या कन्सोलकडे बघत होती. काहीतरी खुपत होतं. बॅटरीची वायर. तिचा चिमुकला प्लग बाहेर काढलेला होता, वायर नीट वळवून बाजूला दुमडलेली, टोक चुकून कशाला टेकू नये म्हणून खाली कागदाचा कपटा सरकवलेला.

“काडी, याची बॅटरी तू काढलीस?”

“नाही बुवा. मी कधी काढतो?”

खरं होतं. दुकानात रोजचं भांडण त्यावरूनच व्हायचं. आधी बॅटरी सोडव, मग आत हात घाल, नाहीतर एक ठिणगी आणि सगळं भस्म. वहिनी सांगून सांगून थकली होती आणि काडी एवढ्या वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

“तुझ्या आळसाने तुला वाचवलं,” वहिनी पुटपुटली.

“काय?”

“काही नाही. आजींना पाणी दे.”

काडीने पेला भरून नेला. सासूबाईंनी मान हलवली. रुमाल तोंडाशी होताच. काडीने पुन्हा पुढे केला. त्यांनी हातानेच ढकलला. नक्कल उतरत असताना त्या एकदा उठल्या होत्या, तर धाकटीने दंडाला धरून खाली बसवलं होतं. “बरोबर आलात ना? आता बरोबरच जाऊ.” तेव्हापासून तशाच.

काडी परत येऊन वहिनीच्या कानाशी वाकला. बहिऱ्या माणसाची कुजबुज. सगळ्या तळघराला ऐकू गेली.

“आल्या तेव्हा जिन्याला शिव्या मोजत होत्या. आणि आता? तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यात.”

वहिनीचा हात दिव्यावर तसाच राहिला.

वर झरोक्यात दोन तपकिरी बूट उभे होते. चकचकीत. चालत नव्हते, वळत नव्हते. टीव्ही खाली आणला तेव्हाही ते तिथेच होते, हे तिला आत्ता आठवलं. इतका वेळ कुणीतरी काचेपलीकडे वाट बघत उभं होतं.

बूट हलले. दिसेनासे झाले.

आणि दारावर थाप पडली. एक. दोन. तीन.

४

“नमस्कार,” दार उघडताच तो म्हणाला. “आईला न्यायला आलो. फार उशीर झाला ना?”

आवाज खरंच गोड होता. बहिऱ्यांशी बोलायची सवय असलेला. प्रत्येक शब्द पुसून, घडी घालून ठेवलेला. त्याने काडीचा खांदा थोपटला, कान कसा आहे विचारलं, धाकटीकडे बघून मान तुकवली. आईकडे मात्र त्याने नुसतं बोट केलं. त्या उठायला लागल्या.

“बसा आजी,” वहिनी म्हणाली. “काम संपलेलं नाही.”

“कसलं काम? खेळणं बिघडलंय, टाकून द्या. आमच्या घरातून माणूस गेलंय हो. आम्हाला त्या गोष्टी पुन्हा उकरायच्या नाहीत.”

“दाजी, उकरायला मी आलेय,” धाकटी म्हणाली.

“तू लहान आहेस.” त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याचे डोळे बाकावर फिरत होते. कन्सोल, रीडर, कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला लटकलेली काळी हार्ड डिस्क. “याच्यात उतरवलंय का ते?”

वहिनीने क्षणभर विचार केला. मग सरळ सांगितलं, “हो. मेमरीची अख्खी नक्कल आहे. आत्ताच पूर्ण झाली.”

“ती पुसून टाका.”

“का?”

“ती माझ्या बायकोची खाजगी वस्तू आहे.”

“तुम्हाला खाजगी हा शब्द येतो?” धाकटी ओरडली. “तिचा फोन वाचताना कुठे गेला होता?”

त्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा जागच्या जागी राहिला; फक्त त्याच्या आत काहीतरी विझलं. त्याने हात लांब करून हार्ड डिस्क वायरीसकट उपटली, जमिनीवर आपटली, आणि त्या चकचकीत बुटाची टाच तिच्यावर घातली. एकदा, दोनदा. प्लॅस्टिक फुटल्याचा आवाज, मग आतलं काचेसारखं काहीतरी. धाकटीने किंकाळी फोडून त्याच्या अंगावर झेप घेतली. काडीने तिला मध्येच पकडलं.

“नुकसान भरून देईन,” तो म्हणाला. छातीला धाप लागली होती, आवाजाला नाही. “आई, चल.”

वहिनी हलली नव्हती. तिने खाली वाकून डिस्कचा एक तुकडा उचलला.

“तुडवा की अजून. यात दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या गाड्यांच्या शर्यती होत्या. तो मला काय ते बोलेल.”

तो थांबला. “म्हणजे?”

“म्हणजे खरी पट्टी आधीच कुणीतरी पळवलीय.”

“कुणी?” त्याचा चेहरा पांढरा पडला. “कुठे आहे ती?”

“आभारी आहे,” वहिनी म्हणाली. “हेच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

५

तिने स्टूल ओढलं आणि जिन्याच्या पायथ्याशी मांडून बसली. मागच्या दाराला काडीने केव्हाच कुलूप घातलं होतं. आता तिला ओलांडल्याशिवाय कुणी बाहेर जाऊ शकत नव्हतं.

“तुमच्याकडे पट्टी असती, तर नक्कल खोटी आहे हे तुम्हाला कळलं असतं. चार साक्षीदारांसमोर फुकटची डिस्क तुडवली नसती. म्हणजे तुम्ही नाही. बाकी कशात असाल तो भाग वेगळा.”

“काय बोलताय तुम्ही?”

“काडी नाही. त्याला पट्टी बदलायची असती तर खणात अशा ढीगभर पडल्यात. त्यातली एक त्याने रिकाम्या खाचेत भरली असती आणि मला अजून पत्ता लागला नसता. शिवाय ज्याने कुणी हात घातला, त्याने आधी बॅटरी सोडवली, वायर दुमडली, खाली कागद सरकवला. काडीच्या सात जन्मांत ते व्हायचं नाही.”

“बरं झालं मी आळशी आहे,” काडी म्हणाला. 

“ही पोर? तिला तर तो आवाज हवाय. आणि आत हात घालायचं तंत्र तिला ठाऊक नाही. मी पाठ उघडली तेव्हा मेमरी कुठली हे तिने मला विचारलं होतं. मागच्या दाराने बाहेरचा कुणी आला असता तर बोळात ही फोनवर उभी होती, हिला धक्का मारूनच यावं लागलं असतं. मग राहिलं कोण?”

सगळे कोपऱ्याकडे वळले.

“आईला दिसत नाही!” तो म्हणाला. पहिल्यांदाच शब्दाची घडी विस्कटली.

“लांबचं दिसत नाही. त्यांच्या भिंगांतून डोळे बारीक दिसतात. जवळचं न दिसणाऱ्यांचे मोठे दिसतात. तुम्ही कानवाले, तुमच्या ध्यानात नाही यायचं. चष्मा वर केला की त्यांना हाताच्या अंतरावरचं मुंगीचं पाऊलसुद्धा दिसत असेल. थापा ऐकल्यावर त्यांनी चष्मा वर केला, मी पाहिलंय. अजून एक पाहिलंय. बाकाशी बसताना त्यांनी आधी बाकाच्या लोखंडी पायावर तळवा टेकवला. मला वाटलं आधार घेतायत. आजी, तो आधार नव्हता. अंगातली वीज उतरवल्याशिवाय सर्किटला हात लावायचा नाही, हे अंगवळणी पडलेलं असतं फक्त कारखान्यातल्या बायकांच्या. कुठल्या कारखान्यात होतात? घड्याळं की रेडिओ?”

सासूबाईंनी रुमाल ओठांशी आणखी दाबला. 

“सांगा की. एक शब्द. तुमचं नाव सांगा. किंवा हे पाणी प्या.”

धाकटीचा हात नकळत स्वतःच्या तोंडाकडे गेला. “म्हणजे...”

“काडी दोरीला खाली आला तेव्हा यांच्या हातात पट्टी होती. हात रिकामे दिसायला हवे होते. तो गेल्यावर दुसरी पट्टी बसवेपर्यंत आम्ही टीव्ही घेऊन खाली आलो, आणि त्यानंतर कुणाच्या ना कुणाच्या नजरेसमोरच आहेत. काडी म्हणाला ना, मिठाची गुळणी? नुसती गुळणी खरी. मीठ नाही.”

 सासूबाईंनी रुमाल हळूहळू खाली घेतला. ओठ घट्ट मिटलेले, डाव्या गालात किंचित फुगवटा. जबडा हलला. दाढेखाली काहीतरी कडक आल्याचा बारीक करकर आवाज झाला.

“नका!” धाकटी गुडघ्यांवर कोसळली. “आई, नका हो. मला तुमचं काही नको. मला फक्त ती हवीय.”

आणि तेव्हा तो बोलला. गोडवा नाही, घडी नाही. कुत्र्याला सांगावं तसं.

“आई. गिळ.”

त्यांनी मुलाकडे पाहिलं.

“गिळ म्हणतो ना!”

किती वेळ त्या तशाच पाहत होत्या. वहिनीला पुढे झेपावून जबडा धरावासा वाटला, पण ती जागची हलली नाही. जबरदस्ती केली असती तर दात मिटले असते, आणि त्या बाईवर आयुष्यभर दुसरं काय झालं होतं?

सासूबाईंनी तोंड उघडलं. तळहातावर लाळेत भिजलेली ती हिरवी पट्टी काढून ठेवली. एका कडेला दाताचा वण होता.

“उघडू नको म्हणालास,” त्या म्हणाल्या. आवाज घोगरा, गंजलेला. “तेव्हा ऐकलं तुझं. नाही उघडलं. आज नाही ऐकत.”

त्याने वहिनीला स्टुलासकट बाजूला लोटलं आणि जिना चढून गेला. झरोक्यातून ते तपकिरी बूट धावत गेले, एक पाऊल चिखलात घसरलं, सावरलं, गेले.

६

वहिनीने आधी पोलिसांना फोन केला आणि मग पट्टी हातात घेतली. स्पिरिट, मऊ ब्रश, पुन्हा स्पिरिट, कोमट हवा. दाताचा वण पट्टीच्या रिकाम्या कडेवर होता. केसभर आत असता तर सगळंच संपलं असतं. मग रीडर. मग वाट बघणं.

नक्कल सुरू झाली आणि तिसऱ्याच क्षणाला अडखळली.

“चुकली!” वहिनी जवळजवळ ओरडली. इतक्या वर्षांच्या धंद्यात एखाद्या चुकीचा तिला एवढा आनंद झाला नव्हता. “चुकतेय बघ. हीच ती.”

अडखळेल तिथे तिने पुन्हा वाचून घेतलं, न वाचेल ते सोडून पुढे गेली, मागे येऊन पुन्हा विनवलं. एक नक्कल झाल्यावर दुसरी काढली. दोन्ही ताडून पाहिल्या. जिथे फरक होता तिथे तिसऱ्यांदा. धाकटी तिच्या खांद्याशी उभी होती. कोपऱ्यात सासूबाई आता पाणी पीत होत्या. काडीने पेला भरला की पिऊन रिकामा करत होत्या, जणू कितीतरी दिवसांची तहान होती.

किल्ली लावली. खडी विरघळली. एकाखाली एक, दहा दहा सेकंदांचे तुकडे उभे राहिले.

पोलीस बाई उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन शिपाई होते आणि चेहऱ्यावर कंटाळा. खेळण्यातला पुरावा म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. वहिनीने काही समजावलं नाही. शेवटचा, काउंटरवर अर्धवट राहिलेला तुकडा लावला.

थापा. एक, दोन, तीन. मग ताईचा आवाज, धापा टाकत, पण घाबरलेला नाही. अजून आशा असलेला.

“आई, कडी काढा ना. तुम्ही बाहेरच आहात, तुमची पावलं ऐकतेय मी. आई, नाहीतर मी खिडकीतून...”

आणि दारापलीकडून, अगदी लाकडाला ओठ टेकवून बोलल्यासारखा, एक दबलेला आवाज.

“तो रागावेल गं.”

संपलं. दहा सेकंद तेवढेच.

धाकटीने बाकाची कड धरली होती. तिची बोटं पांढरी पडली होती. पोलीस बाईंच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला होता, पण सवय गेली नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

“बाहेरून कडी होती, हे कळतंय. पण तो पलीकडचा आवाज? तो कुणाचाही असू शकतो. कोर्टात वकील हेच म्हणणार. शेजारीण असेल, मोलकरीण असेल...”

“माझा आहे.”

सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. चष्मा त्यांनी काढून हातात घेतला होता.

“नीट विचार करून बोला, आजी. मुलगा तुमचा आहे. आणि तुम्ही स्वतःसुद्धा...”

“विचार खूप केला. दार बंद होतं तेव्हा विचारच करत उभी होते मी.” त्या बाकापर्यंत आल्या, एक हात लोखंडी पायावर टेकवला, आणि या वेळी तो खरंच आधार होता. “तो आवाज माझा आहे. लिहा. कडी त्याने लावली, पण तेव्हा तो घरी नव्हता, जिन्याखालीसुद्धा नव्हता, आणि कडी माझ्या हाताशी होती. तेही लिहा.”